उसना ताप

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी आता पांढरा, प्लास्टिकचा, काम झालं की शिटी वाजवणारा थर्मामीटर आला असेल. मी त्याच्या आधीच्या पिढीतला आहे. वीतभरही नसलेली काचेची कांडी, पोटात चिमूटभर पारा आणि अंगावर काळ्या रेघा, एवढंच माझं शरीर. शाळेच्या पुस्तकात मला ज्वरमापी म्हणतात. बदलापूरला कात्रपमधल्या एका घरात, फ्रिजवरच्या स्टीलच्या पेल्यात, माझी बरीच वर्षं गेली. त्या घरात जे घडलं ते मी जवळून पाहिलं, कारण माझं काम तोंडात राहून करायचं असतं. इतक्या जवळून माणूस वेगळाच दिसतो.

माझा जन्म भट्टीजवळ झाला. काचेची नळी तापवून ओढली, तिच्या टोकाला फुगा काढला, त्यात पारा भरला. मग एका कारागिराने बारीक ज्योतीवर धरून माझा गळा आवळला. ही आवळलेली जागा म्हणजे माझ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तापलेला पारा फुगतो आणि तिथून रेटून वर जातो. थंड झाल्यावर मात्र त्याला त्या वाटेने आपोआप परत येता येत नाही. म्हणून मला तोंडातून काढून उजेडाशी नेलं, चष्मा शोधला, तरी आकडा होता तिथेच राहतो. प्रयोगशाळेत आणि कारखान्यात माझे जे चुलतभाऊ असतात त्यांना असा गळा नसतो. द्रवातून बाहेर काढलं की त्यांचा पारा लगेच उतरू लागतो. मला झटकावं लागतं. झटकलं नाही तर मी मागच्या माणसाचा ताप पुढच्या माणसाच्या नावावर सांगतो. हा माझा खोटेपणा नव्हे, माझी घडणच तशी आहे.

कारखान्यातून मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये आलो. चेन-बटणांची दुकानं आणि शिलाईचे कारखाने यांच्यामध्ये नानकराम नावाच्या सिंधी गृहस्थांचं औषधांचं दुकान होतं. तिथे एके दिवशी यशोधरा आली. ती अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात, मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. तिने आम्हा तिघा थर्मामीटरना एकदम मुठीत धरलं, थोडा वेळ थांबली, आणि तिघांचे आकडे जुळवून पाहिले. मग झटकून पुन्हा तेच केलं.

"ताई, साडी घेताय का थर्मामीटर?" नानकराम म्हणाले. "सगळा एकच माल आहे साईं, पक्का."

"साडी वाईट निघाली तर मी नेसणार नाही," यशोधरा म्हणाली. "हा वाईट निघाला तर मला कळणारसुद्धा नाही."

नानकराम गल्ल्यावरून हसले आणि माझी डबी तिच्या पिशवीत टाकली.

कात्रपच्या त्या घरात चार माणसं होती. यशोधरा, तिचा नवरा जयदेव, मुलगी पायल आणि सासूबाई सुंदराबाई. जयदेवही एमआयडीसीतच, पण दुसऱ्या कारखान्यात पाळीने काम करायचा. एका मोठ्या बंद टाकीसमोर उभं राहून तिच्यातल्या मालाचं तापमान राखणं हे त्याचं काम. घरातला ताप बघणं मात्र यशोधरेकडे होतं. पायलचं गालगुंड, सुंदराबाईंचा मलेरिया, गोवर, सगळं मी पाहिलं. सुंदराबाईंनी एकदा मला स्वच्छ करायचं म्हणून उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर धरलं होतं. "आई, फुटेल तो!" म्हणत यशोधरेने त्यांचा हात मधेच पकडला. "मंग घाणेरडाच तोंडात घालायचा व्हय?" सुंदराबाईंनी विचारलं. त्यांना माझ्याबद्दल कधीच फारसा आदर वाटला नाही.

समोरच्या घरात काशी राहायची. ती इथलीच. जुन्या शेतकरी घरातली. त्यांची जमीन गेली आणि त्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत त्यांना दोन खोल्या मिळाल्या. तिची मुलगी रिद्धी सारखी आजारी पडायची, आणि काशी मला मागायला यायची.

"वयनी, तुमचा काचेचा दे गो जरा. पोरीचं आंग तापलंय."

काशीला माझ्या बारीक रेघा वाचता येत नसत. ती रिद्धीच्या काखेत मला धरायची आणि तशीच, न झटकता, यशोधरेकडे घेऊन यायची. यशोधरा मला खिडकीशी धरून आकडा सांगायची, काय करायचं तेही सांगायची, आणि मग झटकून पेल्यात ठेवायची. दोघींची ही रीत वर्षानुवर्षं चालली. काशीने मला रिकाम्या हाताने कधी परत केलं नाही. माझ्याबरोबर तांदळाची भाकरी नाहीतर सुक्या बोंबलांची चटणी असायची. जिन्यावर कुणी भेटलं तर ती मला उंच धरून म्हणायची, "वयनीकडं चाललंय, ताप वाचून आणायला." ते माझे कौतुकाचे दिवस होते.

मग मुली मोठ्या झाल्या. नाक्यावर नवा दवाखाना आला. पेल्यात माझ्या सोबतीला सेफ्टी पिना आणि संपलेले सेल येऊन पडले. कित्येक महिने मला कुणी हात लावला नाही.

ज्या पावसात उल्हास नदीचं पाणी लोकांच्या घरांत शिरलं त्याच्या पुढच्या वर्षी यशोधरेला स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. मित्रांनो, हा शब्द मोठी माणसं मुलांसमोर कुजबुजत बोलतात. त्या घरात तो सरळ बोलला गेला, म्हणून मीही सरळ बोलतो. मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीण बाईंनी तिला उपचारांचा क्रम सांगितला. आधी शिरेतून औषधं, म्हणजे केमो. मग शस्त्रक्रिया करून तो स्तन काढायचा. त्यानंतर किरणोपचार, ज्याला हॉस्पिटलातले सगळे नुसतं 'लाईट' म्हणत. केमोमध्ये अंगाची रोगाशी लढायची ताकद घटते, म्हणून ताप शंभराच्या वर गेला की वेळ न घालवता हॉस्पिटल गाठायचं, असंही त्यांनी बजावलं.

त्याच संध्याकाळी यशोधरेने पेल्यातल्या पिना काढून टाकल्या, मला धुतलं आणि खाली ताजा कापूस घातला.

केमोच्या पहिल्या सलाईनच्या आधीचे काही दिवस ती फार गप्प होती. भाजीत दोनदा मीठ पडलं. पण सलाईन एकदा सुरू झाल्यावर तिने त्या दिवसांची घडी बसवली. उलट्यांचे दिवस कोणते, तोंड येण्याचे कोणते, बरं वाटण्याचे कोणते, हे तिला ठाऊक झालं. केस गेले तेव्हा तिने डोक्याला सुती रुमाल बांधला आणि आरशात पाहून पायलला म्हणाली, "लॅबमध्ये टोपी घालायचा कंटाळा यायचा. आता सवय होईल." एकदा खरोखरच ताप चढला. मी एकशे एकच्या पुढे गेलो होतो. जयदेवने कारखान्यातून येऊन तिला गाडीत घातलं, आणि ती आठवडाभर हॉस्पिटलात राहून परतली. "वेळेवर आणलंत," असं डॉक्टरीण बाई म्हणाल्याचं जयदेवने सगळ्या इमारतीत सांगितलं. त्या यशात माझा वाटा होता, पण मी फक्त आकडा दाखवला होता. निघायचं की नाही, ते माणसांनी ठरवलं.

शेवटचं सलाईन झालं त्या दिवशी सुंदराबाईंनी खीर केली. काशी दारात येऊन म्हणाली, "वयनी, सुटलंव गो एकदाचं!" यशोधरा हसली. तिने वाटीतली खीर अर्धीच खाल्ली.

त्यानंतर ती मला सारखी तोंडात धरू लागली. डॉक्टरांनी आता तसं सांगितलेलं नव्हतं. आकडा नेहमी ठीकच यायचा. पण तिची जीभ कोरडी असायची, आणि कधी कधी तिचे दात माझ्या काचेवर बारीक वाजायचे. मला अंगातली उष्णता कळते, त्यापलीकडचं काही मोजता येत नाही. एवढं मात्र दिसत होतं, की केमो चालू असताना हे दात वाजत नव्हते. आता ती केमोतून बाहेर पडली होती आणि शस्त्रक्रियेत अजून शिरली नव्हती, तेव्हा वाजत होते.

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. फार दिवस मधे जाऊ द्यायचे नाहीत, हे डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. सूचना एकच होती. ताप-खोकला असेल तर येऊ नका, आधी फोन करा, कारण अशा माणसाला भूल देता येत नाही.

दाखल व्हायच्या दिवशी सकाळी बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. जयदेव खाली रिक्षा ठरवायला गेला होता. एवढ्यात काशी आली. रिद्धी, आता चांगली उंच झालेली, तापाने फणफणली होती.

"आजच्या दिवशी त्रास देतंय वयनी, पण एवढा वाच गो."

यशोधरेने मला खिडकीशी धरलं. "एकशे दोन," ती म्हणाली. "पट्ट्या ठेव आणि दवाखान्यात ने. थांबू नको." सुंदराबाईही "बघते मी पोरीला" म्हणत काशीच्या मागोमाग गेल्या. यशोधरा मला झटकणार, तेवढ्यात जयदेव जिना चढून आत आला.

"दे इकडे," तो म्हणाला. "आज मी बघतो. तू बस जरा."

"तुम्ही कधी बघितलाय?"

"अगं, दिवसभर टाकीचं टेंपरेचर बघतो. बायकोचं बघता येणार नाही होय?"

त्याला काहीतरी करायचं होतं. हात रिकामे ठेवणं त्याला जमत नव्हतं. त्याने मला तिच्या जिभेखाली ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, कमरेवर हात ठेवून, कामावर उभा असावा तसा तो उभा राहिला. मग मला काढून उजेडात नेलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"यशो, एकशे दोन."

यशोधरेने मला त्याच्या हातातून घेतलं. ज्या रेघेवर तिने मला काशीसमोर वाचलं होतं, बरोबर त्याच रेघेवर मी होतो. तिचं अंग गार होतं, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. कारखान्यात एका शंकास्पद आकड्यासाठी भरलेली पिंपंच्या पिंपं अडवून ठेवणारी बाई ती. मनगटाचा एक झटका आणि पुन्हा एकदा जिभेखाली, एवढंच करायचं होतं.

"हो," ती म्हणाली. "एकशे दोन आहे."

जयदेवने फोन लावला. पलीकडच्या माणसाने सांगितलं, आज येऊ नका, संध्याकाळपर्यंत ताप उतरला नाही तर लगेच आणा, एरवी सोमवारी येऊन दाखवा, मग नवी तारीख देऊ. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. जयदेवने गॅलरीतून त्याला हात केला, "जा बाबा, कॅन्सल!" यशोधरा पलंगावर बसली. तिच्या हातात मी होतो आणि तिने भिंतीला पाठ टेकली.

हे स्वास्थ्य दुपारपर्यंतच टिकलं.

सुंदराबाई परत आल्या, बातमी ऐकली, आणि सुनेच्या कपाळाला हात लावला. "अगं, हे तर माझ्या कपाळाहून गार हाय. कसला ताप?"

"आई, थर्मामीटरने बघितलाय," जयदेव म्हणाला.

"त्या कांडीला काय कळतंय?"

"उतरला असेल," यशोधरा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

संध्याकाळी जयदेवने पुन्हा ताप बघायला मागितलं. तिने मला त्याच्या हाती देण्याआधी पदराआड झटकलं. मी अठ्ठ्याण्णव दाखवले. तो केवढा खूश झाला! मग पुन्हा काळजीत पडला. एकदा चढला म्हणजे परत चढेल. आणि चढला कशाने? आठवून आठवून त्याने कारण शोधून काढलं. आदल्या रविवारी तो तिला शस्त्रक्रियेनंतर घालायचे, पुढून उघडणारे गाऊन घ्यायला कॅम्प दोनमध्ये घेऊन गेला होता. तिथे त्याने आग्रहाने तिला फालुदा खायला लावला होता.

"मीच म्हणालो, खा गं, काही होत नाही," तो आईला सांगत होता. "बर्फ कुठल्या पाण्याचा असतो त्यांचा, कोणाला माहीत."

आपल्यामुळे तिला आणखी काही लागू नये म्हणून दुसऱ्या दिवसापासून तो कारखान्यातून आल्यावर बाहेरच कपडे बदलू लागला, आल्याआल्या आंघोळ करू लागला आणि झोपायला गॅलरीत जाऊ लागला. यशोधरेला स्वतःहून पाण्याचा पेलाही देत नसे, पायलकडून देववायचा. पायलने एकदा विचारलं, "पप्पा, तुम्ही मम्मीवर रागावलात का?" त्याने नाही म्हणून मान हलवली आणि बाथरूमचं दार लावून घेतलं.

रविवारी दुपारी पायल क्लासला गेली होती. सुंदराबाई रिद्धीकडे होत्या. जयदेव मोबाईल घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला.

"मी काय म्हणतो, उद्या जायलाच नको. फोन करून पुढचा महिना मागतो. तू एकदम फिट हो, मग बघू. परत माझ्या हातून काहीतरी व्हायला नको."

मित्रांनो, मी तेव्हा पेल्यात होतो आणि मला यशोधरेचा चेहरा दिसत होता. एक महिना तिच्यासमोर आयता ठेवलेला होता. तिने फक्त मान डोलवायची होती.

ती उठली. फुलपात्रात थोडं गरम आणि थोडं गार पाणी मिसळून कोमट केलं, बोट बुडवून पाहिलं, आणि मला त्यात उभं केलं. मी चढलो. मग तिने मला काढून पुसलं आणि त्याच्यासमोर टेबलावर आडवं ठेवलं.

"बघा. किती आहे?"

"एकशे तीन. पण हे काय चाललंय?"

"आता बाहेर आहे. बघत राहा, उतरतो का."

जयदेव वाकून बघत राहिला. टाकीसमोर बघतो तसा. बराच वेळ गेला.

"अडकलाय वाटतं," तो म्हणाला. "आमचा तर लगेच उतरतो."

"तुमचा उतरतो. हा उतरत नाही. झटकावा लागतो." तिने झटकून दाखवलं. "त्या दिवशी तुम्ही झटकला नाही. तो रिद्धीचा ताप होता. मी तुमच्याआधी वाचला होता. काशीला सांगितलासुद्धा."

जयदेवने तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुला ताप नव्हताच?"

"नव्हता."

"आणि तुला माहीत होतं?"

"हो."

तो एकदम उभा राहिला. खुर्ची मागे सरकून भिंतीला आपटली. "यशो, चार दिवस मी गॅलरीत झोपतोय! त्या फालुदावाल्याला जाऊन मारणार होतो मी!"

"माहितेय."

"मग बोलली का नाहीस? एक तारीख गेली! तुझ्या जिवाची तारीख आहे ती, काय लग्नाचा हॉल आहे का?"

"केमो चालू होतं तेव्हा रोज काहीतरी माझ्या आत जात होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "वाटायचं, कोणीतरी काहीतरी करतंय. ते थांबलं. आणि आता काहीतरी काढून घेणार. मला मधे थोडं थांबायचं होतं. पण थांबायचंय असं कोणाला सांगू? सगळे म्हणत होते, सुटलीस, सुटलीस. ताप म्हटलं की कोणी का विचारत नाही."

जयदेव गॅलरीच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. नंतर बसला. त्याचा आवाज खाली आला होता.

"मला वाटलं तुला भीतीच वाटत नाही. एवढं सगळं बरोबर करतेस. मला किती वाटत होती, म्हणून तर हा हातात घेतला. काहीतरी करतोय असं वाटावं म्हणून."

"आणि न झटकता घातलात तोंडात. रिद्धीच्या काखेतला."

"ईऽऽ," जयदेव म्हणाला, आणि रडू येत असताना माणूस हसतो तसा हसला. पुढच्या महिन्यासाठी लावायचा फोन त्याने लावला नाही.

सोमवारी मी तिच्या पर्समध्ये होतो. तिने डॉक्टरीण बाईंना खरं ते सांगितलं. बाईंनी चष्मा काढला.

"चार-पाच दिवसांनी फार बिघडलं नाही. महिना गेला असता तर बिघडलं असतं. तुम्हाला दिवस हवे असतील तर मागा, देता येतील तेवढे देईन. पण भीतीला ताप म्हणू नका. मी तापाचं औषध देत बसेन आणि ते चुकीचं औषध असेल."

त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. यशोधरा घरी आली तेव्हा तिच्या छातीच्या एका बाजूला पट्टी होती आणि काखेतून नळी येत होती. त्या नळीचं पाणी मोजणं, भिंतीवर बोटं चढवत हात वर नेण्याचा व्यायाम, हे तिने नीट केलं. ज्या दिवशी नळी काढली आणि लाईटची तारीख मिळाली, त्या दिवशी मला पुन्हा तिच्या कोरड्या जिभेचा स्पर्श झाला. पण या वेळी तिने मला पेल्यात ठेवलं आणि घरात जाहीर केलं, "उद्यापर्यंत मी कोणाशी फार बोलणार नाही. रागावलेली नाहीये. मला भीती वाटतेय."

"मंग जेवायला वाढू का नको?" सुंदराबाईंनी विचारलं.

"वाढा की. जेवणार आहे."

लाईट सुरू व्हायच्या आधी तिने हॉस्पिटलला विचारून ती खोली नुसती पाहून घेतली. यंत्र कुठून फिरतं, दार बंद झाल्यावर आतला आवाज बाहेर कसा ऐकू जातो, हे तिथल्या तंत्रज्ञाने तिला दाखवलं. घरी आल्यावर ती पायलला ते सगळं चित्र काढून समजावत होती. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ते मोजायच्या रेघा माझ्याजवळ नाहीत. आता त्या घरात भीतीला तिचं नाव मिळालं होतं, आणि दुसऱ्या कुणाचा ताप उसना घ्यावा लागत नव्हता.

लाईट संपले. रोज घ्यायची एक गोळी उरली. तीन महिन्यांनी या, असं हॉस्पिटलने सांगितलं. नोकरीवर रुजू व्हायचा सोमवार आला. डोक्यावर बोटभर केस उगवले होते. डबा भरून तयार होता, आणि यशोधरा चप्पल घालून दाराशी स्टुलावर बसून राहिली होती. कंपनीची बस नाक्यावर यायची वेळ झाली होती.

जयदेवने मला पेल्यातून काढलं. आता तो व्यवस्थित झटकायला शिकला होता. त्याने दोन झटके दिले आणि तिच्याजवळ आला.

"बघू का?"

"ताप नाहीये," ती म्हणाली. "भीती आहे."

जयदेवने मला परत पेल्यात ठेवलं. तो तिच्या शेजारी जमिनीवरच बसला.

"कसली?"

"आता तीन महिने कोणी तपासणार नाही. आत काय चाललंय मला कसं कळणार?"

त्याने थोडा विचार केला. "मलापण नाही कळणार."

"मग?"

"मग काय. तीन महिने दोघांनाही कळणार नाही."

ती त्याच्याकडे पाहत राहिली, मग हसली. त्याच्या खांद्यावर भार टाकून उठली, डबा घेतला आणि जिना उतरून गेली. मी पेल्यात तसाच राहिलो. माझी गरज पडली नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, त्यानंतर त्या घरात शिटी वाजवणारा थर्मामीटर आला आणि मी खणात गेलो. माझं तुमच्याकडे थोडंसंच मागणं आहे. माझ्यासारखा एखादा जुना तुमच्या घरी असेल तर त्याला कडक पाण्यात घालू नका. फुटलाच तर पारा हाताने उचलू नका, मोठ्यांना हाक मारा. आणि घरातलं कुणी एका उपचारातून दुसऱ्यात जात असेल, किंवा सगळे उपचार संपवून दारात बसलं असेल, तर लगेच 'सुटलात' म्हणू नका. जवळ बसा आणि कसं वाटतंय ते विचारा. उत्तर तुम्हाला माहीत नसलं तरी चालेल. तसं सांगा, आणि बसून राहा.